फुंकरीतून रोग कळेल का?

शिवारात हळद शिजायला घातली की कोणाला सांगावं लागत नाही. वास वाऱ्यावरून गावात येतो. कणगीतल्या ज्वारीला आतून ओल लागली, तर झाकण काढताच नाक सांगतं. दूध नासलं हे तोंडाला लावण्याआधीच कळतं. पूर्वी पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसे. आधी कंदील दोरीला बांधून खाली सोडत. कंदील विझला, तर समजायचं की आतली हवा वाईट आहे. माणूस उतरला तर गुदमरून मरेल. हवा डोळ्यांना दिसत नाही, तरी तिची परीक्षा करता येते, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होतं.

माणसाचा श्वास ही सुद्धा हवाच आहे. मग त्या हवेची परीक्षा करून आतला रोग ओळखता येईल का?

परवा संध्याकाळच्या वर्गात एका तरुण शेतकऱ्यानं मोबाईल पुढं केला. त्यात लिहिलं होतं, "नळीत फुंका, कॅन्सर कळेल." तो म्हणाला, "गुरुजी, हे खरं का? खरं असेल तर आपल्या गोरेगावात कधी येणार?" एका वाक्यात उत्तर देता येईना. यात थोडं खरं आहे आणि पुष्कळसं अजून व्हायचं आहे. खरं किती आणि व्हायचं किती, ते नीट पाहू. कारण प्रश्न जिवाचा आहे, आणि पैशाचाही आहे.

श्वासात काय असतं

आपण निवांत बसलेलो असताना मिनिटाला साधारण बारा ते सोळा वेळा श्वास घेतो. एका वेळी अर्धा लिटर हवा आत जाते आणि तेवढीच बाहेर येते. दिवसभराचा हिशेब केला तर सुमारे दहा हजार लिटर हवा होते.

छातीत दोन फुप्फुसं आहेत. त्यांत हवेचे बारीक बारीक फुगे आहेत. ते कोट्यवधी आहेत. प्रत्येक फुग्याभोवती रक्ताच्या केसाहून बारीक नळ्यांचं जाळं आहे. फुग्याची भिंत कांद्याच्या पापुद्र्याहूनही फार पातळ असते. भिंतीच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त. हवेतला प्राणवायू रक्तात जातो आणि रक्तातला कर्बवायू हवेत येतो. बाहेर पडणाऱ्या श्वासाचे शंभर भाग केले, तर सुमारे अठ्ठ्याहत्तर भाग नत्रवायू, सोळा भाग प्राणवायू आणि चार भाग कर्बवायू असतो. बाकी पाण्याची वाफ वगैरे.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. रक्त साऱ्या अंगातून फिरून येतं. एक फेरा व्हायला साधारण एक मिनिट पुरतं. यकृत, मूत्रपिंड, आतडी, सगळीकडचा माल त्यात मिसळलेला असतो. त्यातले जे पदार्थ सहज उडून जाणारे आहेत, ते त्या पातळ भिंतीतून हवेत उतरतात आणि श्वासाबरोबर बाहेर पडतात. १९७१ साली अमेरिकेतले मोठे शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी माणसाचा श्वास फार थंड केलेल्या नळीत गोठवला आणि त्याची तपासणी केली. त्यांना सुमारे अडीचशे निरनिराळे पदार्थ सापडले. तोवर एवढे असतील असं कोणाला वाटलं नव्हतं. आता ही संख्या हजारांच्या घरात गेली आहे.

हे पदार्थ किती थोडे असतात, ते ज्वारीच्या मापानं सांगतो. शास्त्रज्ञ म्हणतात, शंभर कोटी भागांत एखादा भाग, किंवा थोडे भाग. शंभर कोटी ज्वारीचे दाणे म्हणजे जवळजवळ तीनशे क्विंटलांची रास. त्या राशीत एकच दाणा काळा आहे, आणि तो शोधायचा आहे. काम असं आहे.

नाकाला जे आधीच कळतं

जुन्या वैद्यांना आणि डॉक्टरांना श्वासाच्या काही खुणा माहीत होत्या. मधुमेह फार बळावला आणि रोगी बेशुद्ध होऊ लागला, की त्याच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा गोडूस वास येतो. मूत्रपिंडं निकामी झाली, की श्वासाला लघवीसारखा उग्र वास येतो. पण हे वास येतात तेव्हा रोग दारात नाही, घरात येऊन बसलेला असतो.

श्वास तपासणारं एक यंत्र तर तुम्ही रस्त्यावर पाहिलं असेल. पोलीस मोटरसायकलवाल्याला थांबवतात आणि नळीत फुंकायला लावतात. असं सोयीचं यंत्र १९५४ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रॉबर्ट बोर्केनस्टाईन यांनी बनवलं. ते स्वतः पोलीस खात्यात होते. दारू पोटातून रक्तात जाते, रक्तातून श्वासात येते. श्वासात किती आहे ते मोजलं, की रक्तात किती आहे ते काढता येतं. आपल्या कायद्याप्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असेल, तर गाडी चालवणं गुन्हा आहे.

दवाखान्यातही श्वासाची एक पक्की तपासणी आहे. पोटात एक जंतू राहतो. त्याच्यामुळं पोटात व्रण होतात आणि पुढं काहींना पोटाचा कॅन्सरही होतो. हे शोधून काढणाऱ्या मार्शल आणि वॉरेन या दोन ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळालं. तो जंतू पोटात आहे का, हे पाहायला रोग्याला युरियाचं थोडं पाणी पाजतात. (शेतात टाकतो ती गोणी नव्हे बरं का! औषध म्हणून केलेला, अगदी थोडा.) त्या युरियातल्या कर्बाला आधीच खूण केलेली असते, जसा आपण बैलाला डाग देतो. जंतू असला, तर तो युरिया फोडतो. मग खुणेचा कर्बवायू श्वासात येतो. पिशवीत फुंकर मारायची, आणि पिशवी तपासायची.

म्हणजे श्वासावरून परीक्षा करणं ही जादू नाही, आणि थापही नाही. वरच्या दोन्ही यंत्रांना मात्र एक सोय आहे. काय शोधायचं ते त्यांना आधीच ठाऊक असतं. एकाला दारू, दुसऱ्याला खुणेचा कर्ब. कॅन्सरचं तसं नाही.

कॅन्सरला वास असतो का

आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे. पेशी जुनी झाली की मरते आणि नवी तयार होते. हे काम नियमानं चालतं. कधी एखादी पेशी बिघडते. थांब म्हटलं तरी थांबत नाही, वाढतच जाते. तिच्यासारख्या हजारो होतात, लाखो होतात, गाठ होते, मग ती दुसरीकडे पसरते. हाच कॅन्सर, म्हणजे कर्करोग. या बिघडलेल्या पेशी अन्न निराळ्या रीतीनं जाळतात. त्यांच्या भिंतीतली चरबी निराळी कुजते. त्यातून काही उडते पदार्थ निघतात, ते रक्तात जातात, आणि अगदी थोडे श्वासात येतात.

१९८९ साली लंडनच्या दोन डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या पत्रात एक हकीकत छापली. एका बाईच्या पायावर तीळ होता. तिची कुत्री पुन्हा पुन्हा तोच तीळ हुंगायची. पायजम्यावरूनही हुंगायची. एकदा तर चावून तोडायला गेली. शेवटी बाईनं डॉक्टरांना दाखवलं. तो तीळ नव्हता, कातडीचा कॅन्सर होता. वेळेवर काढला. ही हकीकत वाचून पुष्कळ ठिकाणी कुत्र्यांना शिकवून पाहण्याचे प्रयोग झाले. कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. पण कुत्रा दमतो, कंटाळतो, आणि गावोगाव शिकवलेला कुत्रा कुठून आणायचा?

मग शास्त्रज्ञ म्हणाले, यंत्राचंच नाक करू.

सोन्याचं नाक

हे काम इस्रायल देशातल्या हैफा शहरात फार पुढं गेलं. तिथल्या टेक्निऑन या संस्थेत होसाम हाईक नावाचे प्राध्यापक आहेत. मूळचे नाझारेथ गावचे. त्यांनी सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं नाक तयार केलं.

कण किती सूक्ष्म? फूटपट्टीवरचं लहानात लहान घर म्हणजे एक मिलिमीटर. त्याचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. हे सोन्याचे कण साधारण पाच नॅनोमीटरचे. डोक्याच्या एका केसाच्या जाडीवर असे दहा हजारांहून जास्त कण शेजारी शेजारी बसतील. सोनं इतकं बारीक केलं की पिवळं दिसत नाही, पाण्यात मिसळलं तर लालसर दिसतं. सोनंच का घेतलं? ते गंजत नाही, त्यातून वीज चांगली वाहते, आणि त्याला दुसऱ्या पदार्थाचं अस्तर नीट चिकटतं. वर्गात कोणीतरी लगेच सुवर्णभस्माची गोष्ट काढली. त्याचा इथं काही संबंध नाही. हे सोनं खायचं नाही, हुंगायला लावायचं आहे.

प्रत्येक कणाभोवती एक पातळ अस्तर असतं. अस्तर लावलेल्या कणांचा थर एका पट्टीवर देतात आणि त्यातून थोडीशी वीज सोडतात. विहिरीच्या कामावर माणसं रांगेत उभी राहून मातीची घमेली हातोहात पुढं देतात, ते डोळ्यांपुढं आणा. माणसं जवळ जवळ असली की घमेलं भराभर पुढं जातं. मध्ये अंतर पडलं की काम मंदावतं. वीजही अशीच एका कणावरून दुसऱ्या कणावर जाते. आता या पट्टीवर श्वास सोडला. श्वासातले उडते पदार्थ अस्तरात शिरतात. भिजत घातलेला हरभरा फुगतो, तसं अस्तर फुगतं. कण एकमेकांपासून थोडे लांब जातात. वीज मंदावते. किती मंदावली ते यंत्र मोजतं.

पण एका पट्टीनं भागत नाही. म्हणून निरनिराळ्या अस्तरांच्या पुष्कळ पट्ट्या लावतात. एकीवर एक पदार्थ जास्त चढतो, दुसरीवर दुसरा. एका श्वासाला सगळ्या पट्ट्यांनी मिळून जे उत्तर दिलं, त्याची एक नक्षी तयार होते. ती नक्षी निरोग्याची आहे की रोग्याची, हे संगणकाला शिकवावं लागतं. बैलबाजारातला जुना दलाल बैल नुसता चालताना पाहून त्याची खोड सांगतो. कुठून आलं हे ज्ञान? हजारो बैल पाहून. संगणकालाही अशाच शेकडो रोग्यांच्या आणि निरोग्यांच्या नक्ष्या दाखवतात.

२००९ साली हाईक आणि त्यांच्या सोबत्यांनी जाहीर केलं की या नाकानं फुप्फुसाच्या कॅन्सरचे रोगी आणि निरोगी माणसं वेगळी ओळखता आली. पुढं २०१७ साली त्यांनी मोठा प्रयोग छापला. पाच देशांतल्या १,४०४ माणसांचे श्वास घेतले. सतरा रोग होते, त्यांत काही कॅन्सरही होते. यंत्राचं उत्तर शंभरात सुमारे शहाऐंशी वेळा बरोबर आलं. आणि प्रत्येक रोगाची श्वासातली नक्षी वेगळी असते असं दिसलं.

शहाऐंशी टक्के म्हणजे परीक्षेत पहिला वर्ग. मग अडलं कुठं?

पहिला वर्ग का पुरत नाही

एक गणित करू. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत. समजा, दहा हजार माणसांची तपासणी करायची आहे. त्यात खरा कॅन्सर फक्त दहा जणांना आहे आणि त्यांनाही तो माहीत नाही. यंत्र शंभरात नव्वद वेळा बरोबर सांगतं. म्हणजे वरच्या यंत्रापेक्षाही चांगलं धरू.

दहा रोग्यांपैकी नऊ जणांना यंत्र ओळखेल. एक सुटेल. त्याला "तू बरा आहेस" असं सांगितलं जाईल आणि तो निश्चिंत घरी जाईल. आता उरलेले निरोगी किती? नऊ हजार नऊशे नव्वद. त्यांच्यात यंत्र दहांत एकदा चुकणार. म्हणजे नऊशे नव्व्याण्णव धडधाकट माणसांना ते सांगेल, "तुला संशय आहे." एकूण बोलावणं गेलं १,००८ जणांना. त्यात खरे रोगी नऊ. म्हणजे एकशे बारा माणसं रडत, मजुरी बुडवून, गाडीभाडं खर्चून मोठ्या दवाखान्यात जाणार, तेव्हा त्यात एक खरा निघणार.

हे गणित वर्गात फळ्यावर केलं, तेव्हा दोघा-तिघांनी बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं. आकडे बरोबर आहेत. घरी तुम्हीही करून पाहा.

दुसरी अडचण श्वासाचीच. सकाळी कांदा-भाकर खाल्ली, लसणाची चटणी खाल्ली, श्वास बदलला. बिडी ओढली, तंबाखूचा बार भरला, श्वास बदलला. एकादशीचा उपास केला, तरी बदलला. चुलीच्या धुरात बसणाऱ्या बाईचा श्वास वेगळा. शहरातल्या स्वच्छ खोलीत शिकलेलं यंत्र आपल्या स्वयंपाकघरात गोंधळून जाईल. तिसरी अडचण अशी की वर सांगितलेल्या मोठ्या प्रयोगातल्या रोग्यांना रोग आहे हे आधीच ठाऊक होतं. खरी कसोटी आहे ती रोग अगदी लहान असताना, माणूस शेतात नांगर धरत असताना ओळखण्याची.

म्हणून आजघडीला आपल्या सरकारी कॅन्सर-तपासणीत श्वासाचं यंत्र नाही. प्रयोग चालू आहेत आणि ते चालू राहावेत. पण उद्या बाजाराच्या दिवशी कोणी पेटी मांडून, पाचशे रुपये घेऊन फुंकर मारायला सांगू लागला, तर त्याच्या कागदावर "कॅन्सर नाही" लिहिलं असलं तरी त्याचा काही भरवसा नाही, आणि "आहे" लिहिलं असलं तरी नाही.

धाराशिवच्या बायांनी दाखवलेली रीत

तपासणी चांगली आहे की नाही, हे कसं ठरवायचं? यंत्र किती वेळा बरोबर सांगतं, एवढं पाहून भागत नाही. त्यामुळं मरणं कमी झाली का, हे पाहावं लागतं. आणि हे आपल्याच मराठवाड्यात करून दाखवलेलं आहे. जगातल्या डॉक्टरांच्या पुस्तकांत त्याचा दाखला देतात. आपल्याला मात्र ते फारसं माहीत नाही, याचं मला नवल वाटतं.

सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आहे. खेड्यांतल्या कॅन्सरची गावोगाव नोंद ठेवण्याचं काम देशात पहिल्यांदा १९८७ साली तिथं सुरू झालं. नोंदीतून दिसलं की खेड्यातल्या बायांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर फार होतो, आणि बाया दवाखान्यात येतात ते फार उशिरा. मग बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली एक जागतिक संस्था यांनी मिळून शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात काम उभं केलं. आता त्याला धाराशिव जिल्हा म्हणतात. १९९९ साली सुरुवात झाली. ४९७ गावं, तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी बाया.

गावांचे चार गट केले. एका गटात विषाणूची तपासणी. (हा कॅन्सर एका विषाणूमुळं होतो. बोळ्यानं आतलं पाणी घेऊन तो विषाणू आहे का ते पाहतात.) दुसऱ्या गटात पेशी काचेवर घेऊन पाहिल्या. तिसऱ्या गटात पातळ व्हिनेगर, म्हणजे शिर्क्यासारखं आंबट पाणी लावून पाहिलं. बिघडलेली जागा त्यानं पांढरी दिसते. चौथ्या गटात खास तपासणी नव्हती, दवाखान्याची नेहमीची सोय तेवढी. प्रत्येक तपासणी एकदाच केली. दोष सापडला तिथं उपचार केले. मग आठ वर्षं हिशेब ठेवला.

२००९ साली निकाल आला. चौथ्या गटातल्या सुमारे साडेएकतीस हजार बायांपैकी ८२ जणींचा कॅन्सर पुढच्या पायरीवर गेलेला सापडला आणि ६४ जणी दगावल्या. विषाणूची तपासणी झालेल्या गटात बाया जास्त होत्या, चौतीस हजार. तरी तिथं पुढच्या पायरीचे रोगी ३९ आणि मृत्यू ३४. मरणं जवळजवळ निम्म्यावर आली. काचेच्या आणि आंबट पाण्याच्या गटांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानं आंबट पाण्याची तपासणी एकदा नाही, दर दोन वर्षांनी अशी चार वेळा केली. दहावीपर्यंत शिकलेल्या बायांनी ती केली. तिथं मरणं शंभरात एकतीस इतकी कमी झाली. हे २०१३ साली जाहीर झालं. म्हणजे तीच तपासणी एकदा केली तर उपयोग दिसला नाही, पुन्हा पुन्हा केली तर दिसला. टेबलाजवळ बसून हे कोणाला सांगता आलं नसतं.

चौथ्या गटातल्या बायांना इतकी वर्षं तपासणीवाचून ठेवलं, यावर पुढं पुष्कळ वाद झाला. तो वाद व्हायलाच हवा होता, असं माझं मत आहे. त्या चौसष्ट जणींची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत.

सोन्याच्या नाकाला अजून या वाटेनं जायचं आहे. हजारो माणसं, आठ-दहा वर्षं, आणि शेवटी एकच प्रश्न: मरणं कमी झाली का?

डोळ्यांना दिसणारा कॅन्सर

तोवर काय? आपल्याकडचा एक मोठा कॅन्सर शोधायला नाकही लागत नाही आणि सोनंही लागत नाही. तो तोंडात होतो. तंबाखू, गुटखा, मिसरी, सुपारी ही त्याची कारणं. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पुड्या कुठं मिळतात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आमच्या ओळखीत एक मावशी होत्या. सकाळी मिसरी लावायची जुनी सवय. गालात आतून पांढरा डाग आला. दुखत नव्हता, म्हणून बोलल्या नाहीत. पुढं जखम झाली. उष्णता झाली असेल म्हणून तूप लावीत राहिल्या. सुगी आली, मग नातीचं लग्न आलं. आठ महिने गेले. तोंड उघडेना, भाकर चावेना, तेव्हा मुलानं हिंगोलीला नेलं आणि तिथून छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर रुग्णालयात. जबड्याचं हाड काढावं लागलं. वर्षभरानं मावशी गेल्या. डाग नुसता पांढरा होता तेव्हा आणलं असतं, तर थोडक्यात भागलं असतं, असं डॉक्टर मुलाला म्हणाले.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ सालापासून आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं उघडून पाहिली. तंबाखू खाणाऱ्या किंवा दारू पिणाऱ्या लोकांत तोंडाच्या कॅन्सरनं होणारी मरणं सुमारे एक तृतीयांश कमी झाली. हे २००५ साली छापून आलं. साहित्य काय? उजेड आणि शिकवलेले डोळे.

ही तपासणी आता सरकारी कामात आहे. तीस वर्षांवरच्या बाईमाणसांची आणि पुरुषांची तोंडं उपकेंद्रात पाहतात. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर असं नाव आहे. बायांच्या स्तनांची आणि गर्भाशयाच्या तोंडाचीही तपासणी या कार्यक्रमात धरलेली आहे. दर पाच वर्षांनी एकदा करायची. आशाताई घरी येऊन एक कागद भरून घेतात, त्यात तंबाखूचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर खरं द्यावं. सासरे समोर बसले आहेत म्हणून मिसरीचं नाव लपवलं, तर ताईंना कळायचं कसं?

मधल्या काळात महिन्यातून एकदा घरीही पाहता येतं. चांगल्या उजेडात आरसा घेऊन बसावं. ओठ उलटून पाहावे, दोन्ही गाल बोटानं ओढून आत पाहावं, हिरड्या पाहाव्या, जीभ वर उचलून तिच्याखाली पाहावं. पांढरा किंवा लाल डाग आहे का? न दुखणारी गाठ आहे का? मग आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मधून आत जातात का ते पाहावं. जात नसतील तर तोंड आवळत चाललं आहे. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्या पोरांत हे लवकर दिसतं. आणि जखम झाली असेल, तर दिवस मोजावे. दोन आठवडे उलटूनही भरली नाही, तर दुखो अगर न दुखो, उपकेंद्र गाठावं. तिथून पुढं जिल्ह्याला किंवा मोठ्या रुग्णालयात पाठवतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. म्हणून निघताना आधार कार्ड आणि शिधापत्रिका बरोबर घ्यावी.

दाखवायला जाताना तोंडातला बार थुंकून, दोन-तीन वेळा खळखळून चूळ भरून जावं. चुन्याचा आणि मिसरीचा थर गालाला चिकटून राहिला, तर खालचा डाग पाहणाऱ्याला दिसत नाही.